बोर्डिंगातला दोस्त अजून माझ्यासमोर येत नाही, काय करावं?

माणदेशी_लाईनमन

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहितो कमी. पण हा विषय डोक्यातून जात नाहीये, घरी बोलून झालंय, बायको म्हणते एकदा जाऊन भेटा आणि मोकळे व्हा, पण ते एवढं सरळ नाही म्हणून इथं टाकतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडं पोरगं जरा हुशार निघालं की बोर्डिंगला टाकायचं, गावात राहून काय शेळ्याच राखणार असा हिशोब. पाचवीला मला टाकलं. तिथंच हा भेटला, शेजारच्याच गावचा. त्याचे वडील गलाईवाले. बाहेरच्यांना माहीत नसेल, आमच्या माण-खटाव, आटपाडी, विटा-खानापूर भागातली खूप माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. याचे आईवडील कोईमतूरला, आणि हा गावी आजीपाशी. आजीनंच वाढवलेला. आई वर्षातनं एकदा यायची, यात्रेला नाहीतर दिवाळीला.

बोर्डिंगात आमच्या पत्र्याच्या ट्रंका शेजारी शेजारी. चावी करदोट्याला बांधायची पद्धत होती सगळ्यांची, कारण दुसरीकडं ठेवली की चिवडा-लाडू गेलाच. आम्ही दोघांनी काय केलेलं, चाव्या बदललेल्या. त्याच्या ट्रंकेची चावी माझ्या कमरेला आणि माझी त्याच्या. म्हणजे खाऊ काढायचा तर दोघांनी मिळूनच काढायचा. त्याच्या आजीची जवसाची चटणी आणि माझ्या आईचे धपाटे, मेसच्या पातळ आमटीवर महिना त्यावरच निघायचा. खरूज झाली तर एकमेकांच्या पाठीला मलम लावायचो. सख्खा भाऊ मला आहे, पण खरं सांगतो, एवढं त्याच्याशी कधी जमलं नाही.

१९९१ ची गोष्ट, आम्ही नववीत. गावाकडच्या एका पोरानं निरोप आणला की म्हातारीनं जेवण सोडलंय. हा रेक्टरकडं गेला, रेक्टर म्हणाले पालकाची सही आण. आता पालक कोईमतूरला! चार दिवस याच्या पोटात अन्न नाही. शेवटी मीच म्हणालो, चल, मी येतो बरोबर. रात्री मेसच्या मागनं निघालो, स्टँडवर बाकड्याखाली झोपलो आणि पहाटे मुक्कामी गाडी सुटली तीत बसलो. पोचलो तर म्हातारी जिवंत होती. याच्या हातनं वाटीभर दूध प्याली. नंतर थोड्याच दिवसात गेली.

चुलत्यानं आम्हाला परत आणून सोडलं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि लेखी जबाब घेतला. त्यानं लिहून दिलं की "याने मला चल म्हटले." तेवढ्यावर मी पळवून नेणारा ठरलो. त्याला माफी आणि माझ्या वडिलांच्या हातात दाखला. वडील धोतरटोपीत ऑफिसाबाहेर उभे होते, एक शब्द बोलले नाहीत मला, तिथंही नाहीत आणि घरी आल्यावरही नाहीत. ट्रंक घरी नेली तर चावी त्याच्याकडं राहिलेली, कुलूप वडिलांनी दगडानं तोडलं.

पुढं मी गावच्या हायस्कूलला दहावी केली, आयटीआय केलं, बोर्डात लागलो, आता महावितरण. पोरगी नर्सिंगला, पोरगा अकरावीत, थोडी बागायत झालीये. माझं काही म्हणजे काही वाईट झालेलं नाही. आणि मुख्य म्हणजे त्यानं खोटं लिहिलं नव्हतं. मी म्हटलंच होतं चल!

तो इंजिनिअर झाला, पुण्यात असतो. त्या दिवसापासून आजतागायत माझ्याशी बोललेला नाही. बॅचच्या ग्रुपवर मला ॲड केलं त्या दिवशी तो लेफ्ट झाला. माझ्या लग्नाला नाही, त्याच्या लग्नाची पत्रिका नाही. मी समजायचो मोठा माणूस झाला, विसरला. मागच्या वर्षी म्हसवडच्या रथाला त्याची आई भेटली, आता गावीच राहते. गुलालखोबऱ्याच्या त्या गर्दीत माझा हात धरून रडली. म्हणाली, तुझं नाव निघालं की तो ताटावरून उठतो, सुनेला पण माहीत नाही काय झालंय ते.

आणि अजून एक. पोरीच्या कॉलेजची फी थोडी राहिली होती. भरायला गेलो तर क्लार्क म्हणाला बाकी निल आहे, कुणीतरी ऑनलाईन भरली. पावती काढून घेतली, आडनाव त्याचं.

तर प्रश्न असा. बोर्डिंग सुटलं त्याचं दुःख मला वर्षभर झालं असेल. दोस्त गेला त्याचं अजून होतंय. आणि तो गेला तो त्याच्या मनातल्या ओझ्यापायी, माझ्या रागापायी नाही, मला राग नव्हताच. जाऊ का? आणि जाऊन काय बोलू?

---

सह्याद्री७७

वाचून घशाशी आलं. जा हो, विचार काय करताय.

---

कुंपणाबाहेर

मला नाही पटत. चूक त्याची, चालत यायचं त्यानं. तुम्ही का जायचं? पैसे गुपचूप भरता येतात आणि एक फोन करता येत नाही? स्पष्ट लिहितोय, राग मानू नका, पण अशी माणसं स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी असले व्यवहार करतात, तुमच्यासाठी नाही.

---

माणदेशी_लाईनमन

@कुंपणाबाहेर राग नाही. पण चूक कुठली म्हणता? चौदा वर्षाचं पोरगं, आजी मरायला टेकलेली, आईबाप हजार किलोमीटरवर, समोर रेक्टर आणि टेबलावर छडी. मी त्याच्या जागी असतो तर काय लिहिलं असतं मला नाही माहीत.

---

वऱ्हाडकन्या

मी नवोदयची. अमरावती जिल्ह्यातलीच, १९८५-८६ ला देशात पहिल्या दोन नवोदय निघाल्या, एक हरयाणात झज्जरला आणि एक आमच्याकडं, त्याचा आम्हाला भारी अभिमान. तर सांगायचं हे की सहावीत घर सोडलेल्या पोरांची मैत्री बाकीच्यांना समजावून सांगता येत नाही. शाळेतली मैत्रीण संध्याकाळी आपल्या घरी जाते. होस्टेलची मैत्रीण म्हणजे रात्री ताप आला तर हाक मारायचं माणूस. आमच्याकडं नववीत काही पोरं वर्षभरासाठी हिंदी पट्ट्यातल्या नवोदयला पाठवायचे आणि तिकडची इकडं यायची, माझी जिवाची मैत्रीण तशी गेली तर मी आठ दिवस मेसमध्ये तिच्या जागेवर कुणाला बसू दिलं नव्हतं. ती फक्त वर्षासाठी गेली होती! तुमच्या दोस्ताला तर असं वाटलं असणार की मीच त्याला घालवलं. लाईनमनभाऊ, पोरीची फी भरली याचा अर्थ तो तुमची खबर ठेवून आहे. पोरगी कुठल्या कॉलेजात, किती फी राहिली, हे सगळं त्यानं शोधून काढलं. विसरलेला माणूस हे करत नाही.

---

सह्याद्री७७

+१, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

निवृत्त_गृहपाल

धाग्यावर उशिरा आलो. मी बावीस-तेवीस वर्षांच्या पोरवयात वसतिगृहावर लागलो आणि तिथंच निवृत्त झालो, दुसऱ्या जिल्ह्यात, तुमच्या संस्थेशी संबंध नाही. तरी माझ्या बाजूनं लिहायला हवं असं वाटलं.

तुम्हा दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं ना, ती पद्धत मला चांगली माहीत आहे. शंभर-सव्वाशे पोरं आणि बघणारा माणूस एक, रात्री दोन पोरं गायब म्हणजे त्याचा अर्धा जीव गेलेला असतो. विहीर, रस्ता, काय काय डोक्यात येतं. पोरं सुखरूप परत आली की त्या भीतीचा राग होतो. आणि वरून संस्थेचे लोक विचारणार, जबाबदार कोण? तिथं उत्तर द्यायचं असतं की पालकांच्या सहीचा नियम गलाईवाल्यांच्या पोराला कसा लागू करायचा हे आम्ही ठरवलंच नव्हतं, आजीची किंवा चुलत्याची सही चालवता आली असती. हे लिहायला कुणाची छाती होत नाही. मग पोराच्या हातात कागद देतात. कागदावर दुसऱ्या पोराचं नाव आलं की फाईल बंद.

म्हणजे त्या पोराकडून जे लिहून घेतलं ते मोठ्या माणसांच्या सोयीचं होतं. तो आजपर्यंत समजत असणार की तो कागद त्यानं लिहिला. तुम्ही भेटाल तेव्हा त्याला एवढं जरूर विचारा की कागदावरची वाक्यं कुणी सांगितली. चौदा वर्षाचं पोरगं "याने मला चल म्हटले" असं छापील भाषेत लिहीत नाही हो. ते मजकूर सांगून लिहून घेतलेलं वाक्य आहे, मी अशी वाक्यं ओळखतो.

आपल्याकडं बोर्डिंगची परंपरा केवढी मोठी. शाहू महाराजांनी १९०१ ला कोल्हापुरात सुरुवात केली, कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात १९२४ ला शाहू बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. पोराला घर मिळावं म्हणून हे सगळं केलं होतं त्या माणसांनी. आमच्या पिढीत त्यातलं घर कमी झालं आणि रजिस्टर वाढलं, हे मला मनापासून लागतं.

---

माणदेशी_लाईनमन

@निवृत्त_गृहपाल सर, तुमचा प्रतिसाद दोनतीनदा वाचला. ते वाक्य कुणी सांगितलं असेल हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात आला नाही. तो घरी बोलायचा तसं लिहायचा, "ह्यो म्हनला चल" असं. तुम्ही म्हणता ते खरं असणार.

---

वकीलीणबाई

फक्त माहितीसाठी. आज हे घडलं तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी, कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ९१ साली यातलं काहीच नव्हतं. कायदा आला म्हणून खोलीत बसवून लिहून घेणं थांबलंय असं मात्र मी म्हणणार नाही, पालक तक्रार करायला घाबरतात कारण पोरगं तिथंच राहायचं असतं. तुमच्या भागात कुणाचं पोर निवासी शाळेत असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा, नंबर त्याला पाठ करायला लावा.

---

लंडनकर_दादा

इथं इंग्लंडमध्ये या विषयावर बरंच बोललं जातं आता. जॉय शाव्हेरियन नावाच्या मानसोपचार करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी २०११ च्या सुमारास याला बोर्डिंग स्कूल सिंड्रोम असं नावच दिलं. सात-आठ वर्षांची पोरं घरापासून तुटतात, रडायचं नाही हे शिकतात, आणि मोठेपणी जवळच्या माणसाशीसुद्धा मनातलं बोलता येत नाही. अर्थात इथली ती बड्या घरची पोरं, भरपूर फी भरून पाठवलेली. आपली दुष्काळानं पाठवलेली. पण बायकोला काही सांगता येत नाही आणि ताटावरून उठावं लागतं हे वाचून मला तेच आठवलं.

---

कुंपणाबाहेर

ठीक आहे, जबाबाबद्दल मागे घेतो. पण पैशाचं काय? ते परत करायला हवेत. मित्र म्हणून भेटायला गेलात आणि तुमच्या डोक्यावर त्याचं कर्ज, तर बरोबरीनं बसणार कसे?

---

आता_सांगते

मी इथं दुसऱ्या नावानं लिहिते, आजच्यापुरता हा आयडी काढलाय.

मी तुमच्या दोस्ताच्या जागेवर आहे. मुलींचं होस्टेल, दहावीचं वर्ष. माझ्या मैत्रिणीला एका मुलाची चिठ्ठी यायची, चिठ्ठी काय, "पेपर कसा गेला" एवढंच असायचं त्यात. मॅडमनी मला बोलावून विचारलं आणि मी सांगितलं. मला वाटलेलं तिला ओरडतील. त्यांनी घरी कळवलं. वडील येऊन घेऊन गेले, परीक्षेला बसू दिलं नाही, त्याच उन्हाळ्यात लग्न लावून टाकलं. चांगली हुशार होती, गणितात माझ्यापेक्षा पुढं.

आता मी स्वतः शिक्षिका आहे. दरवर्षी दहावीच्या निकालाच्या दिवशी मला दुपारपर्यंत काही सुचत नाही, घरचे समजतात शाळेच्या निकालाचं टेन्शन आहे. ती फेसबुकवर आहे, मी तिचा फोटो बघते, कधीतरी मुलांचे फोटो टाकते. रिक्वेस्ट पाठवायची हिंमत नाही. का नाही सांगते. ती म्हणाली की जाऊ दे गं, तर ते मला खरं वाटणार नाही. आणि म्हणाली की तू माझं आयुष्य घालवलंस, तर मी कुठं जाऊ? दोन्ही नको म्हणून मी गप्प.

लाईनमनदादा, तुम्ही जाणारच असाल तर एक विनंती. "मी तुला माफ केलं" असं म्हणू नका. माझ्यासारखीला ते ऐकवत नाही, परत एकदा गुन्हेगार ठरल्यासारखं होतं. आणि "विसरून जा" पण नको, आम्हाला विसरता येत असतं तर विसरलो नसतो का? त्याला जे त्या दिवशी मिळालं ते सांगा. तुमच्या लिहिण्यात मला एकच गोष्ट सारखी दिसतेय, ते वाटीभर दूध. तुम्ही चल म्हणालात म्हणून म्हातारीला नातू दिसला. त्यानं आपल्या हिशोबात फक्त दाखला लिहून ठेवलाय, दूध लिहिलेलंच नाही बहुतेक. माझ्याकडं असं काही असतं ना, तर मी आजच्या आज तिला फोन केला असता.

---

वऱ्हाडकन्या

@आता_सांगते ताई, काय बोलू. तुमचा प्रतिसाद वाचून खूप वेळ नुसती बसून होते. तिला रिक्वेस्ट पाठवा असं सांगायचा मला अधिकार नाही. पण ती बोलली तर काय बोलेल हे तुम्हीच दोन्ही बाजूंनी ठरवून टाकलंय, तिसरं काहीतरी तिच्याकडं असू शकतं ना?

---

निवृत्त_गृहपाल

@आता_सांगते त्या मॅडमनी पंधरा वर्षाच्या मुलीला साक्षीदार केलं, आणि लग्न वडिलांनी लावलं. यातलं तुमच्या वाट्याला जे येतं ते फार थोडं आहे. हे ऐकून ओझं उतरत नाही हेही ठाऊक आहे मला.

---

माणदेशी_लाईनमन

@आता_सांगते ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल तुमचे उपकार. मी खरंच "माफ केलं गड्या" असंच म्हणणार होतो, वाक्य तयार करून ठेवलेलं. आता नाही म्हणणार.

काल त्याच्या आईकडं जाऊन आलो. तिला विचारलं, म्हातारी शेवटी काय बोलली होती का. ती तेव्हा कोईमतूरला, तिला दिराकडून कळलेलं. म्हातारी शेजारणीला सांगत होती म्हणे, माझी दोन पोरं आली व्हती यष्टीनं. दोन म्हणाली. मला पण धरलं तिनं. आईला विचारलं हे त्याला माहीत आहे का, तर म्हणाली आजीचा विषय काढला की तो बाहेर निघून जातो, सांगायचं कधी.

आईनं मग त्याला फोन लावला आणि बोलता बोलता माझ्या हातात दिला. मला वाटलं कट करेल. नाही केला. मी म्हणालो, मी बोलतोय. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, पोरगी कितवीला आहे, म्हणजे कितव्या वर्षाला. मी म्हणालो दुसऱ्या. म्हणाला, बरं. मी म्हणालो, म्हातारीबद्दल एक सांगायचंय, पण फोनवर नाही. तर म्हणाला, ये. पत्ता पाठवतो म्हणाला, आणि पाठवला पण.

रविवारी जातोय. बायको म्हणते जवसाची चटणी करून देते.

---

सह्याद्री७७

पाठवला पत्ता!! डोळ्यात पाणी आलं राव.

---

कुंपणाबाहेर

जा. पण माझा मुद्दा तोच, पैशाचं स्पष्ट बोला. रक्कम सोबत न्या वाटल्यास.

---

वऱ्हाडकन्या

पहिल्याच भेटीत पैसे नका नेऊ हो. पाकीट समोर ठेवलं तर तो समजेल हिशोब मिटवायला आलाय.

---

माणदेशी_लाईनमन

पैसे नेत नाही. पण विषय पण टाळायचा नाही असं ठरवलंय, त्यानं काढला तर सांगणार की पोरीची फी तिच्या काकानं भरली असं मी घरात सांगितलंय, आणि काका म्हणवून घ्यायचं तर निदान वर्षातनं एकदा जेवायला यायला लागेल, बायकोपोरांना घेऊन. पटत असेल तर ठेवतो, नाहीतर हप्त्यानं फेडतो. कसं वाटतंय?

---

कुंपणाबाहेर

हे चालेल.

---

आता_सांगते

चालेल दादा. रविवारी रात्री नाही जमलं तर सोमवारी, पण इथं लिहा नक्की. मी हा आयडी बंद करत नाही तोपर्यंत.